कानातले जीवाणू आणि पिंपरीचे औषध

परभणीकडे पावसाळा लागला, की वर्गात एक-दोन पोरे कानात कापसाचा बोळा घालून बसलेली दिसतात. 'कान फुटलाय' असे घरचे सांगतात. लसूण घालून कडवलेले तेल कानात सोडायचे, हा घरोघरचा उपाय. माझ्याही कानात आजीने ते सोडले होते. पडद्याला भोक असेल तर हे तेल थेट मधल्या कानात जाते, हे तिला कोण सांगणार?

रोग जुनाच. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे, पूतिकर्णही आहे. पण त्यामागचे जीवाणू हाती लागायला एकोणिसावे शतक उजाडले. १८८२ साली फ्रान्समध्ये गेसार ह्यांनी जखमेच्या पट्ट्यांवर निळा-हिरवा रंग आणणारा जीवाणू वेगळा केला. त्यालाच आज स्यूडोमोनास एरुजिनोसा म्हणतात. जुनाट वाहत्या कानात हा किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस वारंवार सापडतो.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. स्यूडोमोनास मात्र पेनिसिलिनला दाद देत नाही. मग इतर प्रतिजैविकांचे थेंब आले. ते आठवडेच्या आठवडे घातले, की जीवाणू हटतात आणि रिकाम्या, ओलसर जागेत बुरशी बसते. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर, त्यावर काळे ठिपके आणि जीव नकोसा करणारी खाज! पेशंटला वाटते थेंब कमी पडले. तो आणखी घालतो.

ह्या बुरशीवरचे एक औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेत सापडले. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हॅमायसिनचा शोध प्रसिद्ध केला. ते बनवणाऱ्या जीवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, म्हणजे गावाचेच नाव. गंमत पाहा: पेनिसिलिन बुरशीपासून मिळते आणि जीवाणूंना मारते, हॅमायसिन जीवाणूपासून मिळते आणि बुरशीला मारते. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, त्याला हे औषध चिकटते आणि पटल गळू लागते. जीवाणूंच्या पटलात अर्गोस्टेरॉल नसते, म्हणून त्यांना काही होत नाही. म्हणजे कान जीवाणूंनी वाहतो आहे की बुरशीने, हे आधी तपासायला हवे.

तपासणीतही चकवा असतो. निरोगी कानाच्या नळीतही जीवाणू राहतातच. आम्लधर्मी मळ त्यांना आवरून धरतो. (तो काडीने कोरणे म्हणजे कुंपण उपटणे.) मधल्या कानाला संसर्ग पोचतो तो बहुधा घशाकडून, आणि मुलांची ती नळी आखूड व आडवी असते. १९९४ साली कर्णदाहाच्या रुग्णांमध्ये एक नवा जीवाणू सापडला. झुरिचच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याला ट्युरिसेला ओटिटिडिस म्हटले गेले. पुढे तो निरोगी कानांतही आढळू लागला. २०१८ साली त्याला कॉरिनेबॅक्टेरियम ह्या प्रजातीत घालण्याचा प्रस्ताव आला. त्यात झुरिचचे नाव गळाले. 'ओटिटिडिस', म्हणजे कर्णदाहाचा, हा शिक्का मात्र राहिला.