पवार, शरद गोविंदराव : मुख्यमंत्रिपद, वाद आणि पंतप्रधानपदाची आकांक्षा

पवार, शरद गोविंदराव (जन्म १२ डिसेंबर १९४०). महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री व राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे संस्थापक. मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनी चार वेळा घेतली (१९७८, १९८८, १९९०, १९९३). पण पाच वर्षांची पूर्ण मुदत सलगपणे एकदाही भरली नाही. मूळ गाव काटेवाडी (ता. बारामती). आई शारदाबाई १९३८ साली पुणे लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. शिक्षण बारामती व पुणे येथे. १९६७ मध्ये बारामतीतून विधानसभेवर. वसंतराव नाईक यांच्या काळात राज्यमंत्री, शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात कॅबिनेट मंत्री.

१९७८ चा पेच : फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. सर्वांत मोठ्या पक्षाला बाहेर ठेवण्यासाठी दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. दोघांचे पटले नाही. जुलैत शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे मंत्रिमंडळाबाहेर पडले, मागोमाग चाळीसच्या आसपास आमदार गेले आणि सरकार कोसळले. १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) नेते म्हणून पवारांनी शपथ घेतली. वय ३७. इतक्या कमी वयाचा मुख्यमंत्री राज्याने तोवर पाहिला नव्हता. जनता पक्षातले समाजवादी व जुने जनसंघीय आणि शेतकरी कामगार पक्ष एका मंत्रिमंडळात बसले. उत्तमराव पाटील, निहाल अहमद, गणपतराव देशमुख ही त्यातली नावे.

वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप तेव्हापासून पवारांना चिकटला आहे. या बंडाला पवारांचे राजकीय गुरू यशवंतराव चव्हाण यांची संमती होती का, यावर अभ्यासक व सहभागी नेते यांच्यात एकमत नाही. पक्षीय निष्ठेच्या चौकटीत पाहिले तर आरोपाला आधार आहे. मात्र वसंतदादा आणि पवार पुढे काँग्रेसमध्ये पुन्हा एकाच बाजूला दिसले, हेही ध्यानात घ्यावे लागते. आरोप महाराष्ट्रात हळूहळू म्हणीसारखा गुळगुळीत झाला. दिल्लीत तो तसा झाला नाही. तिथे तो प्रत्येक मोजणीच्या वेळी नव्याने बाहेर निघत राहिला.

पुलोद सरकारच्या काळातच, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि अंमलबजावणी थांबली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त झाले.

विरोधी पक्षातील वर्षे (१९८०–८६) : जळगाव ते नागपूर शेतकरी दिंडी (१९८०). समाजवादी काँग्रेसचे नेतृत्व. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परत.

बारामती मतदारसंघ : दिल्लीच्या राजकारणातली पवारांची खरी ठेव हा मतदारसंघ असल्याने त्याचा तपशील थोडा विस्ताराने द्यावा लागतो. १९७७ मध्ये येथून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले, १९८० मध्ये इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील. पवार लोकसभेवर प्रथम गेले ते १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत विरोधी उमेदवार म्हणून. काही महिन्यांतच त्यांनी विधानसभा पसंत केली. पोटनिवडणुकीत जागा पुन्हा काकडे यांच्याकडे गेली आणि १९८९ मध्ये पुन्हा शंकरराव पाटलांकडे. म्हणजे ‘बारामती म्हणजे पवार’ हे समीकरण समजले जाते तितके जुने नाही. १९९१ पूर्वी ही जागा हात बदलतच होती.

इंदापूर तालुक्याचा कल या बाबतीत बोलका आहे. बारामती–इंदापूर रस्त्यावरचे निमगाव केतकी हे त्यातले मोठे गाव. विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ते ओळखले जाते आणि तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर आहे. लोकसभेला या पट्ट्याने पवारांना कौल दिला. विधानसभेला मात्र १९९५, १९९९ आणि २००४ अशा सलग तीन निवडणुकांत अपक्ष हर्षवर्धन पाटील यांना निवडले. हे पाटील १९९५ मध्ये शिवसेना–भाजप युती सरकारात मंत्री झाले, म्हणजे ज्या निवडणुकीत पवारांचे सरकार गेले तिच्यातूनच. एकाच गावात, एकाच पारावर, दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा असे दोन हिशेब चालत. पवारांविषयीच्या लेखनात इंदापूरचा उल्लेख बारामतीच्या शेपटासारखा येतो. मतपेटीने त्याला दुजोरा दिलेला नाही. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ बारामतीजवळच्या कन्हेरीच्या मारुतीला फुटतो. इंदापूरचे मत मात्र तालुक्यात येऊनच मागावे लागते, आणि ते मागताना नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला पाणी कधी पोचणार हा प्रश्न टाळता येत नाही.

१९९१ : पंतप्रधानपदाचा पहिला प्रयत्न. जून १९८८ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या जागी पवार मुख्यमंत्री झाले. १९९० च्या निवडणुकीत काँग्रेसला १४१ जागा, म्हणजे बहुमताला चार कमी, मिळाल्या आणि अपक्षांच्या आधाराने ते पदावर राहिले. जानेवारी १९९१ मध्ये विलासराव देशमुख, रामराव आदिक, सुशीलकुमार शिंदे आदींनी नेतृत्वबदलाची मागणी केली. बंड फसले, त्यामागे दिल्ली होती, असे तेव्हाही बोलले गेले.

२१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली. त्यानंतरच्या निकालात महाराष्ट्राने काँग्रेसला ४८ पैकी ३८ खासदार दिले आणि पवारांचे नाव संसदीय पक्षाच्या नेतेपदासाठी पुढे आले. दिल्लीत खासदारांच्या भोजनावळी झाल्या, याद्या झाल्या, आकडे मोजले गेले. निवड पी. व्ही. नरसिंह राव यांची झाली. ‘लोक माझे सांगाती’ (२०१५) या आत्मकथनात पवारांनी याचे खापर अर्जुनसिंह आणि दहा जनपथच्या (सोनिया गांधींच्या निवासस्थानाच्या) निकटच्या मंडळींवर फोडले आहे: तरुण नेता दीर्घकाळ टिकेल, वयस्कर राव टिकणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता, असे ते सांगतात. ही एका पक्षाची बाजू आहे. राव पूर्ण पाच वर्षे टिकले, हा त्या हिशेबावरचा निकाल.

पवार संरक्षणमंत्री झाले तेव्हा ते खासदार नव्हते. बारामतीतून नुकतेच लोकसभेवर निवडून आलेले पुतणे अजित पवार यांनी जागा मोकळी केली. काका पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले आणि पुतणे काकांच्या विधानसभेच्या जागेवर आले. मुंबईत सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. काही महिन्यांतच नाईक आपल्या मनाने चालू लागले आणि पवार–नाईक वाद सुरू झाला.

तेरावा स्फोट आणि १९९३–९५ : डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींनंतर रावांनी पवारांना मुंबईला परत पाठवले. ६ मार्च १९९३ रोजी त्यांनी शपथ घेतली. सहाव्या दिवशी, १२ मार्चला, शहरात बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या संध्याकाळी दूरदर्शनवरून पवारांनी तेरावे ठिकाण सांगितले: मशीद बंदर. तेथे स्फोट झालाच नव्हता. हल्ल्याचा रोख एकाच समाजावर आहे असे दिसले तर दंगल पुन्हा पेटेल, म्हणून मुस्लिम वस्तीचे नाव जाणून घातले, असे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. मुख्यमंत्र्याने जाहीरपणे खोटे सांगावे का, हा वाद नीतीचा आहे आणि टीकाकारांनी तो अनेकदा उकरून काढला. प्रशासनाच्या अंगाने पाहता दुसऱ्या दिवशी मुंबई कामाला लागली, आणि जानेवारीसारखी दंगल झाली नाही. ही थाप लोकांनी बरीचशी माफ केली; एरवी पवारांच्या बोलण्याचा सरळ अर्थ घेऊ नये, हा समज मात्र तिने पक्का केला.

याच कारकिर्दीत किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनशी वीजखरेदी करार (डिसेंबर १९९३), राज्याचे पहिले महिला धोरण (१९९४). मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी १९९४ मध्ये पवारांवर गंभीर आरोप केले व ते निलंबित झाले; आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, पण निवडणुकीच्या प्रचारात त्यांचा भरपूर वापर झाला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्र्यांनी मोर्चाला वेळेवर भेट दिली असती तर हे टळले असते का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सरकार पक्षाकडून आले नाही. १९९५ मध्ये काँग्रेस ८० जागांवर घसरली. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळवून सत्तेवर आले.

पुन्हा दिल्ली : १९९६ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री एच. डी. देवेगौडा जनता दलाच्या अवघ्या ४६ खासदारांच्या पायावर पंतप्रधान झाले, त्यामुळे आघाड्यांच्या काळात राज्याच्या नेत्याने दिल्लीची आशा धरणे अवास्तव राहिले नाही. पवारांचा अडथळा वेगळा होता. त्यांना आधी स्वतःचा पक्ष जिंकायचा होता. १९९७ च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सीताराम केसरी यांना ६,२२४, पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली. महाराष्ट्राबाहेरच्या संघटनेत त्यांची पकड किती होती, ते या एका आकड्यात दिसते. १९९८ मध्ये त्यांनी रिपब्लिकन गटांना सोबत घेऊन राज्यात काँग्रेसला ३३ जागा मिळवून दिल्या. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. या नोंदीच्या दृष्टीने पवारांचे हे सर्वांत कसबी निवडणूक-काम होय. त्यानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले.

मे १९९९ मध्ये पवार, पूर्णो संगमा व तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा पुढे करून पत्र लिहिले. तिघांची हकालपट्टी झाली आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्मला. ऑक्टोबरात तोच पक्ष राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत बसला. मुद्दा तत्त्वाचा होता की वाटाघाटीचा, याचा निर्णय वाचकाने या पाच महिन्यांवरून करावा.

२००४ नंतर : केंद्रीय कृषिमंत्री (२००४–१४). २००४ मध्ये राज्यात राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा असूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडले. स्वपक्षीयांची नाराजी दीर्घकाळ टिकली. क्रिकेट मंडळाचे व नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष. २००९ मध्ये माढ्यातून लोकसभा, बारामती कन्या सुप्रिया सुळे यांच्याकडे. पद्मविभूषण (२०१७). नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी पहाटे उरकलेल्या, अजित पवार सहभागी असलेल्या भाजप सरकारच्या शपथविधीनंतर आमदार परत गोळा करून महाविकास आघाडीची जुळणी. २०२२ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी विरोधकांनी नाव सुचवले, ते त्यांनी नाकारले. जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवारांच्या गटाला दिले. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे यांनी अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच वर्षी विधानसभेला इंदापूरने अजित पवार गटाचे दत्तात्रय भरणे यांना निवडले.

राष्ट्रीय बळाचे मोजमाप : पंतप्रधानपदाच्या चर्चेत पवारांचे नाव प्रत्येक त्रिशंकू शक्यतेच्या वेळी आले. पक्ष काढल्यापासूनच्या सार्वत्रिक निवडणुकांत मिळालेले खासदार असे : १९९९ मध्ये ८, २००४ मध्ये ९, २००९ मध्ये ९, २०१४ मध्ये ६, २०१९ मध्ये ५, आणि फुटीनंतर त्यांच्या गटाला २०२४ मध्ये ८. हा आकडा दोन अंकी कधीच झाला नाही.