‘बहिष्कार’ : बातमीतला एक शब्द

इंदापूर तालुक्यातले आमचे बावडा 1972 साली राज्यभरच्या चर्चेत आले ते एका शब्दामुळे. गावातल्या दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकल्याची ती बातमी होती. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार अशा तरुण लेखकांनी त्यावर आवाज उठवला आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या इतिहासात बावड्याचे नाव येते, पण बहुतेक वेळा एका ओळीपुरतेच.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष त्या शब्दावरच अडकले. उर्दू अखबारांनी यासाठी ‘बायकाट’ हा शब्द इंग्रजीतून सरळ उचलला. मुळात ते एका माणसाचे आडनाव. 1880 मध्ये आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. मजुरांनी त्याचे काम सोडले, दुकानदारांनी त्याला माल देणे बंद केले. तिथे कुळांनी कारभाऱ्याला एकटे पाडले होते. मराठीला मात्र शब्द उसना घ्यावा लागला नाही. जातीबाहेर काढायची रीत आपल्याकडे जुनीच. वाळीत टाकणे, ग्रामण्य, बहिष्कार, सगळे शब्द तयार होते.

आणि यात वर्तमानपत्रांचा हात किती होता पाहा. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहाला गेली. त्यांत टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. चहा मिशनऱ्यांचा, पण वादळ उठवले ते छापलेल्या यादीने! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, टिळकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले.

पंधरा वर्षांनी, वंगभंगाच्या काळात, त्याच टिळकांच्या ‘केसरी’त बहिष्कार हा शब्द अभिमानाचा झाला. आता तो विलायती मालावर होता. स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या रांगेत तो जाऊन बसला. जातपंचायतीचे हत्यार सरकारवर उलटवण्यात टिळकांचे कसब होते, हे मान्य करावेच लागेल. पण घरातले जुने हत्यार तसेच राहिले.

3 एप्रिल 1927 रोजी डॉ. आंबेडकरांचे पाक्षिक सुरू झाले, ‘बहिष्कृत भारत’. ‘केसरी’च्या पानावर बहिष्कार घालणारा देश होता, इथे ज्यांच्यावर तो घातला गेला, त्यांनी तेच नाव मथळ्यावर घेतले. पुढे मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने, बाबासाहेब तिचे सदस्य होते, 1930 च्या अहवालात बहिष्काराचे काम उघड करून मांडले. अस्पृश्यांची शेतावरची मजुरी बंद करायची, दुकानातून सामान द्यायचे नाही, वाटा अडवायच्या. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला हात न लावताही नमवता येते.

बातमीत मात्र हे सगळे ‘बहिष्कार टाकण्यात आला’ एवढ्यात आटोपते. मराठीचा मास्तर म्हणून विचारतो, या वाक्यातला कर्ता कुठे गेला? कधी ‘गावाने बहिष्कार टाकला’ असे छापतात. मग ज्यांच्यावर टाकला, ते कुठल्या गावचे?

आपल्या समाजातही हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला आहे. समाजातून बहिष्कृत करण्याला मनाई करणारा 1949 चा मुंबईचा कायदा दाऊदी बोहऱ्यांच्या सय्यदनांनी आव्हान दिल्यावर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला 2016 साली; तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

फेब्रुवारी 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने नंतर तो रद्द केला. मी पाहिलेल्या मथळ्यांत त्यासाठी शब्द होता ‘बंदी’.