पोटाचे ठिगळ

माणसाच्या पोटाची भिंत स्नायूंची आणि त्यांवरच्या चिवट पडद्यांची असते. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, मोठी जखम किंवा जन्मजात दुबळेपणा यांमुळे तिला भोक पडले, की आतडे त्यातून पुढे येते. हाच अंतर्गळ किंवा हर्निया. मी शल्यचिकित्सक नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा वाचक आहे. आणि हे भोक कशाने बुजवावे या प्रश्नाचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो.

इटलीतील पदुआ येथे एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८४ पासून जांघेतील हर्नियासाठी स्नायूंचे थर शिवण्याची पद्धत रूढ केली. परंतु भोक मोठे असले, की ओढून शिवलेल्या कडा ताणाने पुन्हा उसवत. म्हणून ठिगळाचा शोध सुरू झाला. १९०० च्या सुमारास चांदीच्या तारेची जाळी आली, १९४० च्या दशकात टँटलम धातूची. या तारा शरीरात तुटत. १९५० च्या दशकाअखेर ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकची जाळी वापरात आणली : आधी पॉलिएथिलीनची, पुढे पॉलिप्रॉपिलीनची. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे नवे ऊतक वाढते आणि भिंत पक्की होते.

अडचण होती ती जंतूंची. निर्जीव धाग्यावर जंतू चिकट थर करून राहतात. तिथे प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. मग पू, वाहती नाळ आणि शेवटी जाळीच काढून टाकण्याची वेळ. भोक तसेच, किंबहुना मोठे. त्यामुळे दूषित जखमेत प्लॅस्टिक नको, असा दंडक पडला. रुग्णाला मात्र महिनोन्महिने उघडे पोट सांभाळत पुढच्या शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागे.

वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलाक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या महारोहिणीच्या जागी लहान आतड्याच्या भित्तिकेचा तुकडा बसवला. कुत्रा जगला, पुढे तपासले, तर तिथे आतड्याऐवजी रक्तवाहिनीसारखे ऊतक तयार झालेले होते. यातून डुकराच्या आतड्यातील थराचे ठिगळ निघाले. मृत व्यक्तींच्या आणि डुकराच्या त्वचेचीही ठिगळे आली. त्यांतील पेशी धुऊन काढत, फक्त कोलॅजनची चौकट ठेवत. तर्क मोठा देखणा होता : चौकटीत रक्तवाहिन्या शिरतील, रक्ताबरोबर संरक्षक पेशी आणि औषधे येतील, जंतू हरतील.

या तर्काला किंमत मात्र जबर होती. शिवाय अमेरिकेत अशा अनेक ठिगळांना परवानगी मिळे ती आधीच्या उपकरणांशी साधर्म्य दाखवून. रुग्णांवर तुलना करून पाहण्याची सक्ती नव्हती. २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने दूषित जखमांसाठी जैविक ठिगळाची शिफारस केली. २०१२ मध्ये ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : दोन वर्षांत २८ टक्क्यांचा हर्निया परतला. ज्या कोलॅजनवर भिस्त, तेच जंतूंची विकरे विरघळवू शकतात.

खरी तुलना २०२२ साली आली. अमेरिकेतील २५३ रुग्णांत चिठ्ठी टाकावी तसे वाटप झाले : काहींना जैविक, काहींना पॉलिप्रॉपिलीन. दोन वर्षांनी हर्निया परतला तो अनुक्रमे २०.५ आणि ५.६ टक्के रुग्णांत. पुन्हा हस्तक्षेप करावा लागेल अशा जखमेच्या तक्रारींत लक्षणीय फरक नव्हता. ठिगळाची मध्यक किंमत एकीकडे २१,५३९ डॉलर, दुसरीकडे १०५.

किमतीचा विषय निघाला, की मला धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा आठवते. तिथले डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियाची जाळी म्हणून वापरले आणि २००३ मध्ये त्याचा बहुकेंद्री अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे युगांडात अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की एका वर्षाअखेर दोन्ही सारख्याच ठरतात. ही कहाणी जांघेतल्या, स्वच्छ शस्त्रक्रियेची. तिचा निष्कर्ष दूषित जखमेला लावता येणार नाही. पण साधे कापड मागाहून का होईना परीक्षेला बसले, आणि हजारो डॉलरचे ठिगळ तशा परीक्षेविना वर्षानुवर्षे विकले गेले, ही विसंगती नोंदवायलाच हवी.

२०२२ च्या चाचणीत उघड पू असलेल्या जखमा नव्हत्या. तिथे आजही आधी जंतू आटोक्यात आणावे लागतात, ठिगळाचा विचार नंतर. त्या रुग्णांसाठीही अशीच तुलना व्हायला हवी. नुसत्या देखण्या तर्कावर त्यांना पुन्हा टेबलावर घेणे न्याय्य नाही.