केमो लागू पडतेय का? गाठीवर प्रकाश टाकून कसं कळतं, वाचा

वडगाव मावळ : स्तनाच्या कॅन्सरची गाठ मोठी असली की डॉक्टर बऱ्याचदा लगेच ऑपरेशन करत नाहीत. आधी केमो देऊन गाठ आटवतात, मग ऑपरेशन. आपल्याकडं बाया दुखेपर्यंत दाखवायला जात नाहीत आणि ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, त्यामुळं गावाकडच्या अनेक घरांना हाच क्रम माहीत आहे. साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ डोस, म्हणजे चार-पाच महिने सहज जातात. केस जातात, तोंड येतं, अंगातलं रक्त कमी होतं. एवढं सोसताना घरच्यांचा प्रश्न एकच असतो, औषध लागू पडतंय का?

आज याचं उत्तर मुख्यतः गाठीच्या मापावरून काढतात. डॉक्टर हाताने तपासतात, सोनोग्राफी करतात, गरजेप्रमाणे मॅमोग्राफी किंवा एमआरआय. अडचण अशी की माप उशिरा बदलतं. आतल्या पेशी मेल्या तरी त्यांचा सांगाडा काही आठवडे तसाच राहतो, हाताला गाठ तेवढीच लागते. उलट औषध लागू पडत नसेल तर तेही दोन-तीन डोस वाया गेल्यावर समजतं.

आपण इंद्रायणी भात लावणारी माणसं. युरिया लागला की नाही हे रोपाची उंची मोजून कोण बघतं? पानाचा रंग आधी सांगतो. त्यासाठी हिरव्या पट्ट्यांचा रंगतक्ताही मिळतो. गाठीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी तसंच काहीसं केलं आहे.

कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं. त्यातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असा दोन तऱ्हेचा प्रकाश बोटातून जातो. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून आकडा निघतो. स्तनासाठीचं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. हातात धरायचा प्रोब कातडीवर ठेवून जागा बदलत फिरवतात. आत गेलेला प्रकाश विखरून परत येतो, त्याचं मोजमाप होतं. रक्त किती, त्यात ऑक्सिजन किती, पाणी किती, चरबी किती, हे त्यातून समजतं. कॅन्सरच्या गाठीत रक्त आणि पाणी जास्त, चरबी कमी. केमो लागू पडली की हे प्रमाण हळूहळू शेजारच्या चांगल्या भागासारखं होऊ लागतं. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, स्तन दाबावा लागत नाही. त्यामुळं तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

यावर बरंच काम अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शास्त्रज्ञांनी केलं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या बायांना औषध लागू पडलं, त्यांच्या गाठीत पहिल्या डोसनंतर एका दिवसातच ऑक्सिजनवालं रक्त वाढलेलं दिसलं. एका दिवसात! पुढे अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. त्यात ३४ बायांची मोजमापं हिशोबात धरली होती, आणि निम्मे डोस होईपर्यंत झालेल्या बदलावरून शेवटच्या परिणामाचा अंदाज येऊ शकतो असं दिसलं. पण ३४ हा आकडा लहानच म्हणायचा.

मर्यादाही आहेत. प्रकाश काही सेंटिमीटरच आत जातो, खोलवरची गाठ सुटू शकते. कातडीचा रंग गडद असेल तर प्रकाश वरच जास्त शोषला जातो. ऑक्सिमीटरलाही काळ्या रंगाच्या लोकांत चूक होते हे सिद्ध झालंय. उन्हात लावणी करणाऱ्या आपल्या बायांसाठी हा मुद्दा साधा नाही.

म्हणून ही तपासणी अजून संशोधनातच धरायची, नेहमीच्या उपचारात नाही. कुठल्या शिबिरात "लाईट लावून कॅन्सर सांगतो" म्हणाले, तर तेवढ्यावर विसंबून सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा तुकड्याची तपासणी टाळू नका.

हाताच्या तपासणीलाही कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून २० वर्षं दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने करत. पन्नाशीपुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळं जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यांच्या घरात आता केमो चालू होणार आहे, त्यांनी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारावी, गाठीत क्लिप टाकणार का? तांदळाच्या दाण्याहून लहान धातूची खूण असते. केमोने गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन कुठं करायचं, हे त्या खुणेवरून कळतं. आणि गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणून उरलेले डोस किंवा ऑपरेशन स्वतःच्या मनाने सोडायचं नाही, आत पेशी उरलेल्या असू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि ऑपरेशन दोन्ही बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटावं, पहिला डोस घ्यायच्या आधीच.