बंदुकीचा धनी

शिकारकथा आपल्याकडे आवडीनें वाचल्या जातात. परंतु त्यांत वाघाचें वर्णन जितकें विस्तृत, तितकी बंदुकीची हकीकत त्रोटक असते. घोडा ओढला, बार झाला, जनावर पडलें, एवढ्यांत सर्व आटोपतें. तो बार कोणीं भरला आणि भरण्याची ती विद्या पुढें कोणाच्या हातीं गेली, हें कोणी विचारीत नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, रानाचा इतिहास या बाजूनें पाहिला, तर बंदुकीची मालकी म्हणजे काय, या प्रश्नाचा बराच उलगडा होतो.

नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें व १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला. या प्रांताच्या रानांविषयीं लिहिणारांत कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचें नांव अग्रगण्य आहे. येथील डोंगराळ मुलखावरील त्याचा ग्रंथ १८७१ त निघाला. पण त्याआधीं १८६३ त त्यानें केवळ शिकारी रायफल व तिची गोळी या विषयावर एक पुस्तक लिहिलें होतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: रानांत अंतराचा अंदाज हटकून चुकतो, यास्तव गोळी होईल तितकी सरळ रेषेंत गेली पाहिजे. त्यासाठीं नळी मोठ्या तोंडाची, आंतील आट्यांचा पीळ मंद आणि दारूचा भार भरपूर असावा. पीळ दाट ठेवून दारू वाढविली, तर मऊ शिशाची गोळी आटे सोडून घसरते.

त्या काळीं नळीचें माप शिशाच्या वजनावरून सांगत. एक पौंड शिशाच्या आठ सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक जींत बसेल ती आठ बोअरची नळी. अशी गोळी जवळजवळ पांच तोळे भरे. गवा व रानरेडा यांच्या जाड कातड्यापुढें व भक्कम हाडांपुढें हलकें हत्यार भरंवशाचें नसे. शिसें कठीण व्हावें म्हणून त्यांत कथील मिसळीत. शिकाऱ्याच्या सामानांत सांचा, पळी, दारूचें माप, चिंध्या, टोप्या व गज हीं असावयाचींच. गोळी दारूपर्यंत पुरती ठासली गेली नाहीं, तर नळी फुटण्याचें भय; कांहीं बार झाले कीं काजळीचा थर बसे व नळी पाण्यानें धुवावी लागे. सारांश, बंदुकीचा धनी हाच तिचा कारागीर होता.

या बाबतींत बंगल्यांत उतरलेला साहेब आणि पाड्यावरचा गोंड किंवा माडिया शिकारी यांत कसबाचा व पैशाचा फरक असेल. रीत एकच होती. तोंडानें दारू व गोळी भरावयाची ती 'भरमार' बंदूक, असेंच या भागांत अजून म्हणतात. दोघांस निराळें केलें तें प्रथम कायद्यानें. अहेरी भागांतील मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनीं १८५८ त उठाव केला व २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस चांद्यास फांशी देण्यांत आलें. पुढें १८७८ या एकाच सालीं जंगलाचा व हत्यारांचा असे दोन कायदे झाले. एकानें रानावरील हक्कांस बांध घातला, दुसऱ्यानें बंदुकीस परवाना जोडला.

दुसरा भेद रसायनशास्त्रानें केला. पितळी काडतुसें आल्यावर अधिक दारूच्या काडतुसास विलायतेंत 'मॅग्नम' हें नांव मिळालें. मद्याच्या मोठ्या बाटलीसही तेंच नांव. मराठींत दोन्ही दारूच! नंतर १८८९ त कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू निघाली आणि १८९८ त रिग्बी कंपनीनें तिच्या जोरावर ०.४५० इंचाची रायफल बाजारांत आणली. आतां पांच तोळ्यांच्या गोळीची गरज उरली नाहीं. मात्र कॉर्डाइट उन्हानें तापली कीं नळींतील दाब वाढे व रिकामें काडतूस आंत अडकून बसे. चांद्याच्या उन्हाळ्यांत हें संकट सामान्य नव्हे. म्हणून उष्ण देशांसाठीं कारखानदार कमी भाराचीं काडतुसें निराळीं विकूं लागले. त्या काडतुसांच्या बुडाची टोपीही अशा घडणीची असे कीं, ती काढून पुन्हां बार भरणें मोठें जिकिरीचें. धनी आतां गिऱ्हाईक झाला.

त्यांतच १९०७ च्या सुमारास सरकारनें ०.४५० इंचाच्या रायफलींची व काडतुसांची आयात बंद केली. चोरीस गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींचें तोंड तेवढेंच होतें व बंडखोरांस दारूगोळा मिळूं नये, हा हेतु. लंडनच्या कारागिरांनीं ताबडतोब ०.४६५, ०.४७०, ०.४७५ असीं नवीं मापें काढलीं. हें अंतर गव्याच्या दृष्टीनें शून्य. पण कायद्याच्या दृष्टीनें एक गुन्हा आणि दुसरें दिवाणखान्याचें भूषण! १९६० नंतर बर्मिंगहॅमच्या किनॉक कारखान्यानें हीं मोठीं काडतुसें करणें सोडलें, तेव्हां हजारों रुपयांच्या या रायफली मुक्या झाल्या. भरमार मात्र बोलतच राहिली. कारण तिचा दाणागोटा कोणत्याही कारखान्यावर अवलंबून नव्हता. पीक राखण्यास व शिकारीस म्हणून ती बापाकडून मुलाकडे येत राहिली.

ताडोब्यांत १९३५ सालीं शिकार बंद झाली. १९७२ च्या कायद्यानें ती देशांत सर्वत्र बहुतांशीं संपविली. ज्या रानरेड्यासाठीं एवढालीं तोंडें घडविलीं, त्याचे थोडके कळप गडचिरोलींतील कोलामार्का भागांत राखावे लागत आहेत. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनावरून त्याच जिल्ह्यांतील पुष्कळ गांवकऱ्यांनीं आपल्या भरमार बंदुका आपण होऊन जमा केल्या. रान व जनावर यांच्या दृष्टीनें हें इष्टच झालें, यांत शंका नाहीं. परंतु साहेबाच्या मुक्या रायफलीस संग्राहकाच्या कपाटांत मानाची जागा मिळते, तिच्या कारागिराचें नांव नळीवर कोरलेलें असतें. भरमार घडविणाऱ्या लोहाराचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं. शिकारीचा इतिहास लिहितांना निदान त्याची तरी आठवण ठेवावी.