डीझेलची गाळणी

१८९३ सालीं रुडॉल्फ डीझेल यांस आपल्या यंत्राचें पेटंट मिळालें. परंतु इंधन आंत फवारण्यास दाबलेल्या हवेचें अवजड साधन लागे. १९२७ सालीं बॉश यांचा पंप निघाला आणि डीझेल मोटारींच्या आटोक्यांत आलें. त्या पंपांतील फट केसाहून कितीतरी बारीक. म्हणून गाळणीवांचून गत्यंतर उरलें नाहीं. पुढें आपल्या नाशकास, सातपुरांत, डीझेलचीं नोझलें बनूं लागलीं.

ही गाळणी घरीं बदलतांना इंजिन थंड असावें. एका पान्यानें गाळणीचा नट धरावा, दुसऱ्यानें नळीचा फिरवावा. एकाच पान्यानें जोर केल्यास नळी पिळवटून चिरते; मग गळलेलें इंधन तापलेल्या लोखंडावर पेटावयास वेळ लागत नाहीं. शतकाच्या बुद्धीनें सुधारलेलें यंत्र क्षणाच्या उतावळेपणानें नासूं नये.