ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

महाराष्ट्रातील एक सागरी अभयारण्य. साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील ठाणे खाडीत, उत्तरेस ऐरोली पूल व दक्षिणेस वाशी पूल यांच्या दरम्यान ते पसरले आहे. क्षेत्रफळ १६.९०५ चौ. किमी.; त्यांपैकी सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन, उर्वरित जलक्षेत्र. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते घोषित झाले. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात येऊन पावसाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या फ्लेमिंगोंमुळे (रोहित) अभयारण्याला नाव व प्रसिद्धी लाभली असली, तरी येथील कांदळवनात बारमाही राहणारा महत्त्वाचा मांसाहारी सस्तन प्राणी म्हणजे सोनेरी कोल्हा.

खाडीच्या पश्चिमेस मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी ही मुंबईची उपनगरे, तर पूर्वेस नवी मुंबईतील ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे व वाशी आहेत. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. ओहोटीच्या वेळी चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. कांदळवनात तिवरांचे प्राबल्य असून चिपी, काजळा, मारांडी इ. वनस्पतीही आढळतात. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात व त्यांच्या आसऱ्याने चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. काठावरील कोळी व आगरी समाजांची मासेमारी याच संपत्तीवर चालत आली आहे. वनाच्या जमिनीकडील बाजूस जुनी मिठागरे व त्यांचे बांध आहेत.

राज्याच्या इतर भागांत कोल्हा प्रामुख्याने माळराने, झुडपी रान व शेतशिवारात दिसतो, सुपे (ता. बारामती) येथील मयूरेश्वर अभयारण्य हे त्याचे असेच एक वसतिस्थान. ठाणे खाडीत मात्र त्याने चिखल आणि खारे पाणी यांच्याशी जुळवून घेतले आहे. मिळेल ते खाण्याची वृत्ती येथे त्याच्या उपयोगी पडते : खेकडे, मासे, उंदीर-घुशी, पक्षी, फळे आणि मेलेली जनावरे असा त्याचा आहार असतो. भरतीच्या वेळी बांध व उंचवट्याची कोरडी जागा त्याला आसरा देते, तर ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर भक्ष्य मिळते. म्हणून कांदळवनालगतची मिठागरे व मोकळी जमीन ही त्याच्या वसतिस्थानाचाच भाग मानली पाहिजेत. कोल्हा जोडीने वा लहान कुटुंबाने राहतो. गर्भावधी सुमारे ६३ दिवसांचा असून नर व मादी दोघेही पिलांचे पालन करतात. मेलेली जनावरे फस्त करून आणि उंदरांची संख्या आटोक्यात ठेवून तो परिसर निरोगी राखतो.

कांदळवनांच्या संरक्षणासाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने कोल्ह्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला. ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून खाडीत नौकाफेरीची सोय आहे.

कायद्याचे कवच असूनही कोल्ह्यापुढील संकटे गंभीर आहेत. भराव, राडारोडा, सांडपाणी आणि रस्ते यांमुळे किनाऱ्यावरील सलग हरित पट्टा तुटत चालला आहे. उघड्यावरच्या कचऱ्याभोवती भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या जमतात; अन्नाच्या शोधात तेथे येणाऱ्या कोल्ह्यांना त्यांच्याकडून इजा होते व रोगांची लागणही होते. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातील कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला, तेव्हा हा धोका प्रत्यक्ष समोर आला. विक्रोळीसारख्या उपनगरांच्या वसाहतींत शिरलेल्या कोल्ह्यांची सुटका करावी लागल्याचे प्रसंगही घडले आहेत. अशा वेळी दोष प्राण्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ही वस्ती त्याच्या रानाच्या काठापर्यंत आलेली आहे.

फ्लेमिंगोंच्या थव्यांना मिळणारे कौतुक या अभयारण्याच्या रक्षणाला निश्चितच बळ देते. तथापि येथील संरक्षण खरोखर साधले की नाही, हे कोल्ह्यासारख्या कायमच्या रहिवाशावरूनच ठरवावे लागेल. त्यासाठी कचऱ्याची योग्य विल्हेवाट, कुत्र्यांचे नियमित लसीकरण व निर्बीजीकरण आणि कांदळवनाला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीचे रक्षण ही तीन कामे अग्रक्रमाची आहेत. कोल्हा वस्तीत दिसल्यास त्याला खाऊ घालू नये, घेरू नये वा पकडू नये. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन रेबीजप्रतिबंधक उपचार त्वरित घ्यावेत.